मध्यम स्वरूपाची इजा

मला ज्या गाडीनं मागून ठोकलं तिला दोन ब्रेक होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्यांनी ज्यांनी ही हकिगत ऐकली त्यांनी हा एवढाच तपशील लक्षात ठेवला आणि माझ्या हाताची चौकशी करायची राहून गेली. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती. शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक, शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा. सिग्नल लाल होता, मी नियमानं थांबलो होतो, आणि मागच्या दोघांनाही वाटलं असावं की ब्रेक दुसरा दाबेल. आमच्या ऑफिसात निम्मी कामं अशीच होतात, पण तिथे कुणाचं मनगट मुरगळत नाही.

धक्का तसा काही फार मोठा नव्हता. मागचा दिवा फुटला, बंपर चेपला, आणि स्टिअरिंगवरचा माझा उजवा हात मनगटातून असा काही उलटा झाला, की क्षणभर तो माझाच आहे की कुणी बाहेरून आत घातलाय, हे कळेना. उतरलो. मागच्या गाडीतून साठीच्या एक बाई उतरल्या. घट्ट अंबाडा, चष्मा साखळीला अडकवलेला. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत हे त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं, कारण त्यांनी "तुम्हाला लागलंय का?" असं विचारताच मी हात मागे घेऊन सरळ उभा राहिलो.

"नाही बाई, काही नाही. असू द्या."

"नीट बघून सांगा."

"खरंच काही नाही."

तेवढ्यात शिकवणारे मास्तर मोबाइल खिशात सारत खाली उतरले. त्यांना मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. दुसऱ्यानं पाय तुडवला तर आपणच "माफ करा" म्हणायचं, अशा घरात मी वाढलो आहे. या संस्कारांचा आयुष्यात कधी फायदा झाल्याचं मला आठवत नाही, पण आता या वयात बदलायचं तरी कशाला.

आठवड्याभरात अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या यायला लागल्या. मुंग्या येतात त्या जातात, असा माझा समज होता. या राहायला आल्या होत्या. शर्टाचं बटण लावायला दहा मिनिटं लागू लागली. हातातला कप आपण कधी सोडला हे मला जमिनीवरच्या आवाजानं कळू लागलं.

इथे माझा व्यवसाय सांगायला हवा. मी भूमापन कार्यालयात आरेखक आहे, म्हणजे नकाशे काढतो. आता बरंचसं काम संगणकावर होतं, पण जुन्या नकाशांच्या दुरुस्त्या अजून हातानं, शाईनं कराव्या लागतात, आणि त्या अख्ख्या कचेरीत फक्त मलाच जमतात. हे मी सांगत नाही. ऑफिसातले लोक सांगतात, मी फक्त ऐकू येईल एवढ्या अंतरावर उभा असतो. तर त्या दिवशी एका नाल्याची रेघ ओढत होतो. मध्येच अंगठा विझला. दुसरा शब्द नाही, दिवा विझावा तसा विझला. आणि तो नाला एका शाळेच्या मैदानातून वळसा घेऊन गेला.

अधीक्षकसाहेबांनी नकाशा उजेडाला धरला. "साठ वर्षं हा नाला नाकासमोर चाललाय," ते म्हणाले, "आपल्या कारकिर्दीत त्याला वाकडं वळण लागायला नको." आणि हात बरा होईपर्यंत मला आवक-जावक टेबलावर बसवलं. तात्पुरतं, असं ते म्हणाले. मी नोकरीला लागलो त्या वर्षी आमच्या जिन्यात एक तात्पुरतं कपाट ठेवलं होतं. लोक आजही त्याला वळसा घालून वर जातात. अठ्ठावीस वर्षं रेघा ओढलेला माणूस मी, आता आलेल्या टपालावर शिक्के मारू लागलो. तेही डाव्या हातानं, त्यामुळे थोडे तिरपे.

शिक्क्यांवरून आठवलं. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. त्यांनी माझा हात पाहिला आणि म्हणाले, "मी तीस वर्षं शिक्के मारले, माझं मनगट कधी हूं की चूं बोललं नाही." यात सल्ला कोणता ते मला कळलं नाही, पण पाठोपाठ त्यांनी तेलाची बाटली आणून अर्धा तास मनगट असं काही रगडलं, की ते एकदाचं बोलायला लागलं. समोरच्या काकू म्हणाल्या, रक्त खाली उतरतं म्हणून हात उंच बांधून झोपा. मी ओढणीनं हात कपाटाच्या कडीला बांधून झोपलो. सकाळी सौ.नं साडी काढायला कपाट उघडलं. पुढचं सांगत नाही. ती एवढंच म्हणाली, "दुखणं एक आणि वैद्य छप्पन. डॉक्टरकडे चला."

डॉक्टरकडे जाण्याआधी मेहुणा आला. हा पाण्याचे पंप विकतो. पण एकदा कोर्टात साक्षीला जाऊन आला, तेव्हापासून घरात सगळे त्याला वकीलसाहेब म्हणतात आणि तो ओ देतो. त्यानं माझा हात हातात घेतला, उलटसुलट केला, आणि पंपाची मोटर पाहावी तसा पाहिला.

"भाऊजी, तुम्ही याला दुखणं समजताय," तो म्हणाला. "हा दावा आहे."

मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी माझ्या हाताला तारा जोडल्या आणि विजेचे झटके दिले. यालाच तपासणी म्हणतात. एका झटक्याला करंगळी उडायची, दुसऱ्याला कोपर, आणि ज्या अंगठ्यासाठी हा सगळा खटाटोप, तो सरकारी पाहुण्यासारखा स्वस्थ पडून. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मनगटातून जाणारी मुख्य नस दुखावलीये. इजा मध्यम स्वरूपाची आहे."

सौ.ला हायसं वाटलं. मला मात्र हे लागलं. वर्ग मध्यम, उंची मध्यम, शाळेत बाक मधला. निदान इजा तरी.

"डॉक्टरसाहेब, 'तीव्र' असं लिहिता येणार नाही का?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"येईल की," डॉक्टर म्हणाले. "पण त्यासाठी यांना आणखी एकदा ठोकावं लागेल."

मग त्यांनी मनगटाला पट्टा दिला, व्यायाम सांगितले, सहा महिने थांबू म्हणाले. मी विचारलं, "रेघ ओढता येईल का पुन्हा?" ते म्हणाले, "बटण लावता येईल, जेवता येईल, गाडी चालवता येईल. रेघेचं आत्ताच सांगता येत नाही." घरी येताना दाव्याचा विषय कुणी काढला नाही. वकीलसाहेबांनीसुद्धा नाही, यावरून काय ते समजा.

दावा ड्रायव्हिंग स्कूलच्या विमा कंपनीकडे करायचा होता. अर्ज नऊ पानांचा आणि सह्या सात ठिकाणी. आता माझ्या सहीबद्दल. ती मी विसाव्या वर्षी तयार केली, आणि विसाव्या वर्षी माणूस ज्या गोष्टी तयार करतो त्या पुढे आयुष्यभर निस्तरत बसतो. आकड्यानं सुरुवात, मग वर उसळी, तीन वेलांट्या, त्यानंतर स्वतःच्याच खालून निघून एक लांब शेपूट, आणि शेपटाखाली दोन टिंबं. एक शोभेचं, एक खात्रीचं. अंगठा धड असलेल्या माणसाला ती साडेचार सेकंदांत जमते. मी सात ठिकाणी केली आणि सात वेगवेगळ्या माणसांनी दावा केल्यासारखं दिसू लागलं.

दावा विभागातल्या मॅडम तिशीच्या, शांत आणि अतिशय सभ्य होत्या. त्यांनी अर्ज आणि माझा गाडीचा परवाना शेजारी शेजारी ठेवला.

"सर, सही जुळत नाही."

"मॅडम, हात दुखावलाय, म्हणूनच तर अर्ज केलाय."

"हो, पण अर्जावरची सही परवान्यासारखी हवी."

"परवाना अपघाताच्या आधीचा आहे."

त्यांनी खरोखर विचार केला. "मग असं करा सर, हात बरा झाला की या."

"हात बरा झाला तर दावा कसला राहिला?"

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि माझ्या वतीनं त्यांना आनंद झाल्यासारखा वाटला.

मी विचारलं, अंगठा चालेल का? विचारताना मान खाली गेली. गावागावांची नावं नकाशावर लिहिलेला माणूस अंगठा द्यायची परवानगी मागत होता. त्या म्हणाल्या, "चालतो ना. फक्त लिहिता-वाचता येत नाही असं लिहून द्यावं लागेल."

"कुणी लिहून द्यायचं?"

"अर्जदारानं. आणि खाली सही."

घरी बैठक बसली. वकीलसाहेबांचं मत पडलं की सही म्हणजे शेवटी एक आकृती, आणि आकृती काढणं हा तर भाऊजींचा पेशा. पोस्टमास्तर म्हणाले, गिरवा, सगळं जग गिरवूनच शिकलं. मग मी परवान्याची प्रत मोठी करून आणली, जेवणाच्या टेबलावर काच ठेवली, खाली दिवा लावला, आणि वर पातळ कागद ठेवून स्वतःची सही गिरवायला बसलो. पट्टा घट्ट बांधून, पेन तीन बोटांऐवजी मुठीत धरून. रोज चाळीस कागद. घरभर माझ्या सह्या पसरल्या. सौ. केर काढताना सुपलीत माझी नावं गोळा करत होती. पहिले चार दिवस शेपूट खालच्या टिंबांना चिरडून जायचं. नवव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, एक सही परवान्यावरच्या सहीवर अशी बसली की कुठे कडसुद्धा दिसेना. पोस्टमास्तरांनी टाळी वाजवली.

आणि दारावरची घंटा वाजली. विमा कंपनीचे तपासनीस होते. माझी इजा खरी आहे का, हे पाहायला न कळवता आलेले. त्यांनी काच पाहिली, खालचा दिवा पाहिला, मोठा करून चिकटवलेला परवाना पाहिला.

"कोणाची सही गिरवताय?"

"माझीच," मी म्हणालो. हे उत्तर किती वाईट आहे हे तोंडातून निघाल्यावर कळलं.

"स्वतःची सही गिरवावी लागते?"

इथे पोस्टमास्तर माझ्या मदतीला धावले. "अहो, कालपर्यंत यांना मुळीच जमत नव्हती. आज बघा, हुबेहूब. खरी कुठली, खोटी कुठली, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही."

तपासनिसांनी वही काढली आणि हळूहळू एक शब्द लिहिला. मला तो उलटा वाचता आला. 'हुबेहूब.'

चार दिवसांनी पत्र आलं. अर्जावरची सही जुळत नाही आणि घरी मात्र अगदीच जुळते, या दोन्ही गोष्टी संशयास्पद आहेत, असं त्यात होतं. शिवाय ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा जबाब असा की अर्जदाराची गाडी उतारावरून घसरून मागे आली आणि आमच्या उभ्या गाडीवर आदळली, आणि "काही झालं नाही" असं अर्जदारानं स्वतः तीनदा सांगितलं. मंगळवारी अकरा वाजता समक्ष हजर राहावं.

"त्या बाईंनाच विचारा की," सौ. म्हणाली.

"विरुद्ध पक्षाकडे जायचं नसतं," वकीलसाहेब म्हणाले.

"तू पंप विक," सौ. म्हणाली, आणि विम्याच्या कागदांतून बाईंचा पत्ता काढून आम्ही दोघं गेलो.

बाईंच्या फाटकापाशी आच्छादन घातलेली एक जुनी गाडी उभी होती. आच्छादनावरची धूळ नुकतीच झटकलेली दिसत होती. आत त्यांचे यजमान खिडकीशी बसले होते. आमच्या पावलांच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली, पण जरा चुकीच्या बाजूला. वर्षापूर्वी त्यांची नजर गेली होती.

बाईंनी चहा आणला. मी सवयीनं कप उजव्या हातानं उचलला आणि तो माझ्या, बाईंच्या आणि सतरंजीच्या अंगावर थोडा थोडा गेला. बाई फडकं आणायला उठल्या नाहीत. माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"मी त्याच दिवशी मास्तरांकडे तुमचा पत्ता मागितला होता," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, त्यांची काही तक्रार नाही. पुढे म्हणाले, तुम्ही मध्ये पडलात तर तुमची शिकवणी बंद." त्यांनी चष्मा पुसला. "मी ब्रेक समजून दुसरंच दाबलं. चूक माझी आहे. मंगळवारी मी येते."

"शिकवणी जाईल तुमची," सौ. म्हणाली.

"तिचा तिसराच तास होता," यजमान खिडकीतून म्हणाले. "पस्तीस वर्षं गाडी मी चालवली, ही शेजारी बसून चुका काढायची. आता म्हणते, मी तुम्हाला फिरवून आणते. मी म्हटलं, मला दिसत नाही, मला काय फिरवतेस. तर म्हणते, मला दिसतं ना, मी सांगेन."

परत येताना सौ. म्हणाली, "बाईंचं नुकसान होता कामा नये हं." आपण भरपाई मागायला निघालो आहोत की द्यायला, याचा मला उलगडा होईना.

मंगळवारी टेबलाच्या एका बाजूला मॅडम आणि तपासनीस, दुसऱ्या बाजूला मास्तर, आणि त्यांच्या शेजारी बाई, वकीलसाहेब आणि मी. मास्तरांनी उताराची गोष्ट सांगितली, आणि चांगली सांगितली. ऐकताना मलाच वाटू लागलं की मी घसरलो असेन. मग मी पिशवीतून त्या रस्त्याचा नकाशा काढला. रीतसर अर्ज करून, माझ्याच आवक-जावक टेबलावर नोंद करून आणलेला. उंची दाखवणाऱ्या बारीक रेघा त्यावर होत्या. त्या सिग्नलला उतार होता, पण पुढच्या बाजूला.

"माझी गाडी घसरलीच असती तर समोरच्या चौकात गेली असती," मी म्हणालो.

मास्तर छताकडे बघायला लागले. मॅडम मात्र नकाशाकडेच बघत होत्या. केसाएवढ्या बारीक रेघा, एकमेकींना कुठेही न शिवता शेजारून गेलेल्या.

"हे हातानं काढलंय?"

"हो."

"कुणी?"

"मीच. बारा वर्षं झाली."

त्यांनी माझ्या अर्जाचं शेवटचं पान उघडलं, सातव्या सहीकडे पाहिलं, पुन्हा नकाशाकडे पाहिलं. तपासनिसांनी वही मिटली.

मग बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला जबाब वाचला. दोन पानं, एकही खाडाखोड नाही. मोबाइल, ब्रेक, ॲक्सिलरेटर, सगळं क्रमानं. मी "काही नाही" असं तीनदा म्हणालो हेही त्यांनी वाचलं. वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"ते तसं म्हणाले हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "मी मोजलं होतं. पण ते खोटं बोलत होते, हेही मला तेव्हाच कळलं होतं. अडतीस वर्षं मुलांच्या तोंडाकडे बघूनच काढलीत. आणि सहीचं म्हणाल तर, परीक्षेच्या दिवशी उजवा हात गळ्यात बांधून आलेल्या मुलाला आम्ही घरी पाठवत नाही. डाव्यानं लिही म्हणतो."

मॅडमनी एक जाडजूड फाइल काढली, बरीच पानं चाळली आणि नियम सापडला. डाव्या हाताची सही नवीन नमुना म्हणून नोंदवता येते, दोन साक्षीदारांसमोर. एक साक्षीदार वकीलसाहेब झाले. या क्षणासाठीच ते पंप विकत आले होते. दुसऱ्या साक्षीदार बाई. ज्यांच्या चुकीमुळे दावा, त्याच साक्षीदार. नियमात तशी मनाई नव्हती. असं कुणी करेल हे नियम लिहिणाऱ्याला सुचलंच नसावं.

मी डाव्या हातानं, पहिलीतल्या मुलासारखं, एकेक अक्षर सुटं सुटं काढत नाव लिहिलं. वेलांट्या नाहीत, शेपूट नाही. मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, "असं नाव आहे होय तुमचं. परवान्यावरून कळत नव्हतं."

दीड महिन्यानं भरपाई मंजूर झाली. आकडा सांगत नाही. वकीलसाहेबांना सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, "हा पहिला हप्ता का?" पत्रात कारण दिलं होतं, 'इजा मध्यम स्वरूपाची असल्याने'. अधीक्षकसाहेबांनी मला आवक-जावकमधून उठवून तपासणीच्या टेबलावर बसवलं. आता संगणकावर काढलेल्या दुसऱ्यांच्या रेघा मी तपासतो. नव्या पोरी पेन घेऊन येतात आणि जुन्या नकाशाची दुरुस्ती कशी करायची ते विचारतात. माझा हात टेबलाखाली ठेवून मी तोंडानं सांगतो. त्यांच्यातल्या एकीची रेघ चांगली आहे. हे मान्य करायला मला पंधरा दिवस लागले.

ड्रायव्हिंग स्कूलनं बाईंची शिकवणी खरोखरच बंद केली. त्यांच्याकडे शिकाऊ परवाना होता, गाडी होती, पण शेजारी बसायला पक्का परवानावाला माणूस नव्हता. माझ्याकडे पक्का परवाना होता आणि आठवड्यातून तीनदा हाताच्या व्यायामाला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं, पण स्टिअरिंग धरवत नव्हतं. ही दोन वाक्यं सौ.नं एका श्वासात म्हटली आणि मी हो कधी म्हणालो ते मला आठवत नाही. बहुधा "असू द्या" असं काहीतरी म्हणालो असेन.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शनिवार मी बाईंच्या फाटकापाशी जातो आणि बाई गाडी बाहेर काढतात. मागे यजमान बसतात. बाई चालवता चालवता त्यांना सांगतात, डावीकडे नवीन दुकान झालंय, झाड तोडलंय, समोरून ट्रक येतोय. शेवटची बातमी मलाही उपयोगी पडते. यजमान डोळे मिटून हसत असतात. मी पुढे, डाव्या हातानं खिडकीवरची कडी धरून आणि उजवा हात हँडब्रेकवर ठेवून. रस्ता पस्तीस मिनिटांचा आहे. बाई तो पन्नास मिनिटांत काटतात, आणि प्रत्येक वळणावर मला विचारतात, "बरोबर ना?"

परवा हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपीच्या ताईंनी तीन महिन्यांनी माझ्या पकडीची मोजणी केली. एक दांडा दाबायचा, काटा फिरतो. त्यांनी काटा पाहिला, यंत्र हलवून पाहिलं, पुन्हा दाबायला लावलं.

"उजव्या हाताची पकड दुपटीनं वाढलीय," त्या म्हणाल्या. "रबरी चेंडू दाबून एवढं होत नाही. घरी आणखी काही करता का?"

"घरी नाही," मी म्हणालो. "येताना."